स्पितीच्या खोऱ्यात काय पाहावे आणि काय निःसंकोच सोडावे?

शाहूपुरी पाचवी गल्ली (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. अनंत चतुर्दशी झाल्यावर आणि घटस्थापनेच्या आत, म्हणजे नेमके पितृपंधरवड्यात, आम्ही चौघे हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात जायचे म्हणत आहोत. मी, माझे यजमान, आठवीतील मुलगी आणि माझे वडील. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते ६५ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची एक गोळी रोज घेतात, पण दर रविवारी जोतिबाचा डोंगर पायी चढतात. चंदीगडहून निघून पुन्हा चंदीगडला पोहोचेपर्यंत १० दिवस हाताशी आहेत. कोल्हापूर ते चंदीगड हा प्रवास त्यात धरलेला नाही.

एका सहल-आयोजकाने आराखडा पाठवला आहे. पहिल्या दिवशी मनाली, दुसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून थेट चंद्रताल या तळ्यापाशी आणि तिथेच तंबूत मुक्काम, तिसऱ्या दिवशी कुंझुम खिंडीतून काझा या स्पितीच्या मुख्य गावी, चौथ्या दिवशी एका दमात ‘की’चा मठ, किब्बर, चिचम, लांग्झा, हिक्किम आणि कॉमिक, त्यानंतर धनकर, ताबो, ग्यू, नाको, कल्पा करत शिमल्याकडून परत. यादी वाचतानाच आम्हाला धाप लागली.

आमच्या आवडी चौघांच्या चार तऱ्हा आहेत. आबांचा जीव जुन्या शिल्पांत आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वराला ते वर्षातून दोनदा तरी जातात आणि प्रत्येक वेळी त्यांना खांबावर काही नवे सापडते. मुलीला लांग्झ्याचे जीवाश्म पाहायचे आहेत. यजमानांना चंद्रताल हवे आहे. मला विचाराल तर एका जागी दोन दिवस निवांत राहायला मिळाले, तरी सहल पावली असे मी समजेन. ज्यांनी हे खोरे पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे की यातले खरोखर पाहण्यासारखे काय आहे, आणि कोणत्या ठिकाणी न जाताही आपण काही गमावत नाही.

पन्हाळा पायवाट (उत्तर)

ताई, आराखड्यातली ठिकाणे चुकीची नाहीत. त्यांचा क्रम उलटा आहे. स्पितीत काय पाहावे हे ठरवताना एखादे ठिकाण किती प्रसिद्ध आहे याआधी ते किती उंचावर आहे, आणि त्यातही रात्री जिथे पाठ टेकायची ती जागा किती उंचावर आहे, हे पाहावे लागते. आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. काझा ३,६५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे कळसूबाईवर दुसरे कळसूबाई रचले तरी काझाचा बाजार त्याच्या वरच राहतो. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ दोन-तृतीयांश उरतो. आबांना जोतिबा चढण्याची सवय आहे ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती सवय पायांची आहे. विरळ हवेची सवय शरीराला त्या हवेत काही रात्री काढूनच होते, आणि हा त्रास पहिलवानालाही सोडत नाही.

या खोऱ्याला दोन दारे आहेत. शिमल्याकडचे दार सतलजच्या काठाने, किन्नौरमधून, चार-पाच दिवस हळूहळू वर नेते. मनालीकडचे दार २,०५० मीटरवरून एका दिवसात ४,००० मीटरच्या वर फेकते. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट वाचला, आणि हे फेकणे आणखीच सोपे झाले. म्हणून शिमल्याकडून आत शिरावे आणि मनालीकडून बाहेर पडावे. असे केले की तुमच्या यादीतली ठिकाणे आपोआप उंचीच्या चढत्या क्रमाने लागतात आणि चंद्रताल शेवटी येते, जिथे ते असायला हवे.

पहिला मुक्काम नारकंडा किंवा सराहन येथे करावा. सराहनला लाकूड आणि दगड यांचे आलटून-पालटून थर रचून बांधलेले भीमाकालीचे मंदिर आहे. आबांना त्या बांधणीसमोरून हलवणे कठीण जाईल. पुढे कल्पाला, सुमारे २,९५० मीटरवर, दोन रात्री राहावे आणि मधल्या दिवशी किन्नर कैलासाकडे पाहत सफरचंदांच्या बागांतून फिरण्यापलीकडे काहीही करू नये. हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढचे सगळे दिवस त्याच्याच जिवावर उभे राहतात. चौथ्या दिवशी खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते ते पाहून नाकोला दुपारचे जेवण करावे, मात्र झोपायला ताबोला उतरावे. नाको ३,६६० मीटरवर आहे आणि ताबो ३,२८० मीटरवर.

आता ताबोविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आबांसाठी सगळी सहल इथेच वसूल होणार आहे. इ.स. ९९६ मध्ये, पश्चिम तिबेटातील गुगे राज्याचा राजा येशे-ओ याच्या काळात, हा मठ स्थापन झाला. त्या काळातील मोठा अनुवादक रिनचेन झांगपो याचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. त्यानंतर ४६ वर्षांनी, १०४२ मध्ये, त्याचे नूतनीकरण झाले, आणि तेव्हापासून आजपर्यंत तिथली पूजा खंडित झालेली नाही. त्याला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणण्याची पद्धत आहे. ती उपमा मला पुरती पटत नाही. अजिंठ्यात डोंगर पोखरून आत शिरायचे असते आणि बाहेरचा दर्शनी भागच माणसाला थांबवतो. ताबोचे देऊळ बाहेरून पाहिले तर आपल्याकडच्या एखाद्या जुन्या धाब्याच्या घराची मागची भिंत वाटावी; मातीचे ठोकळे, चपटी छपरे, खिडक्या जवळजवळ नाहीतच. खिद्रापूरला पाहून गेलेला माणूस इथे पहिल्या क्षणी हिरमुसतो.

मग आत जायचे. पहिली पाच मिनिटे काहीही दिसत नाही. वर झरोक्यातून येणारा एक उजेडाचा पट्टा आणि तुपाच्या दिव्याचा जुना, थोडा आंबूस वास एवढेच जाणवते. डोळे सरावले की भिंतीवर, आपल्या डोक्याच्या थोड्या वर, ओळीने बसलेल्या माणसाएवढ्या मूर्ती दिसू लागतात. त्या मातीच्या आहेत आणि जमिनीवर टेकलेल्या नाहीत; प्रत्येक मूर्ती भिंतीतून बाहेर आलेल्या आपापल्या कमळावर अधांतरी बसलेली आहे. वैरोचन बुद्धाभोवतीचे मंडल, म्हणजे देवतांची ठरावीक मांडणी, चित्रात काढण्याऐवजी त्यांनी अख्ख्या दालनाचेच मंडल केले आहे आणि आपण त्याच्या आत उभे असतो. मूर्तींच्या खाली भिंतभर चित्रे आहेत: एका बाजूला बुद्धचरित्र, दुसऱ्या बाजूला ज्ञानाच्या शोधात गुरूमागून गुरू करत निघालेल्या सुधन नावाच्या तरुणाची यात्रा. काश्मिरी शैलीचा हात त्यांत स्पष्ट दिसतो. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सुधनाच्या एका चित्रात नेसलेल्या वस्त्राच्या काठावरची वेलबुट्टी मोजत बसलो होतो. एका काठाची रुंदी माझ्या करंगळीच्या नखाएवढी, आणि त्यात तीन रंग.

आत छायाचित्रे काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. छोटी बॅटरी जवळ ठेवावी, तिचा झोत थेट चित्रावर न रोखता जमिनीवर पाडून परतलेल्या उजेडात पाहावे. १९७५ च्या भूकंपात या इमारतींना धक्का बसला होता, आणि मातीच्या छपरांना खरी भीती पाण्याची असते. ताबोला एक पूर्ण दिवस द्यावा. सकाळी एकदा आणि ऊन कलल्यावर एकदा असे दोन वेळा आत जावे. मधल्या वेळात गावाच्या वरच्या कड्यातील ध्यानगुंफांपर्यंत सावकाश चालून यावे.

धनकर चुकवू नये. नावाचा अर्थच कड्यावरचा किल्ला असा आहे आणि सतराव्या शतकात ती स्पितीची राजधानी होती. स्पिती आणि पिन या नद्यांचा संगम जिथून खाली दिसतो, त्या ठिसूळ मातीच्या सुळक्यांवर सुमारे ३,९०० मीटर उंचीवर हा जुना मठ चिकटलेला आहे. सुळके आपल्या डोळ्यांदेखत झिजत आहेत असे वाटते. जगातील धोक्यात आलेल्या १०० वास्तूंच्या एका आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव २००६ मध्ये आले होते. गडकिल्ल्यांवर वाढलेल्या माणसाला ही जागा कुठे, का आणि कोणावर नजर ठेवण्यासाठी निवडली हे वेगळे सांगावे लागत नाही. वर धनकरच्या तळ्यापर्यंत जाणारी तासाभराची चढण आहे. आबांना त्या दिवशी कसे वाटते यावर ती ठरवावी, आधी नव्हे.

काझाला तीन रात्री राहावे. एका दिवशी की, किब्बर आणि चिचम. दुसऱ्या दिवशी लांग्झा आणि हिक्किम. कीचा मठ ४,१६६ मीटरवर, शंकूसारख्या टेकडीवर घरावर घर रचल्यासारखा आहे. आत जाऊन चहा अवश्य घ्यावा, पण तो पाहायचा असतो किब्बरच्या रस्त्यावरून, वरून खाली, मागे नदीचे पसरलेले पात्र धरून. चिचमला खोल घळीवर २०१७ मध्ये पूल झाला. त्याआधी गावकरी दोरावर लटकणाऱ्या पाळण्यातून ही घळ ओलांडत. पुलावर फार तर १५ मिनिटे लागतात.

कॉमिक सोडले तरी चालेल. ‘गाडीने जाता येणारे जगातील सर्वांत उंच गाव’ असा फलक तिथे आहे आणि त्याच्यासमोर छायाचित्र काढायला रांग लागते, पण दक्षिण अमेरिकेत त्याहून उंच गावे आहेत आणि तिथेही गाड्या जातात. तिथला मठ सुंदर आहे, मात्र ४,५८७ मीटरवर आबांना केवळ फलकासाठी नेऊ नये. ग्यू गावात काचेच्या पेटीत एका लामांचा सुमारे ५०० वर्षांपूर्वीचा, बसलेल्या स्थितीतील देह आहे. तो कोणी मसाले भरून टिकवलेला नाही, कोरड्या थंड हवेने आणि कठोर उपवासाने टिकला आहे. वाटेवरून थोडे आत वळावे लागते. कुतूहल असेल तर वळावे, नसेल तर तो तास ताबोला द्यावा.

भडंगवाला इचलकरंजी (उत्तर)

वरील मताला माझा पूर्ण दुजोरा आहे, आणि तो मी किंमत मोजून देत आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही सहा जण तुमच्या आयोजकाने दिलेल्या क्रमानेच गेलो होतो. आमचा आयोजक कोण होता हे इथे लिहीत नाही, कारण त्याच्याइतकीच चूक आमचीही होती. ‘पहिल्याच दिवशी चंद्रताल’ हे ऐकून आम्हीच हुरळलो होतो. सकाळी मनालीत नाश्ता केला आणि संध्याकाळी ४,२५० मीटरवर तंबूत होतो.

निघताना घरून भडंगाची बंद पाकिटे घेतली होती. चंद्रतालच्या वाटेवरच्या बातलच्या पुढे पिशवीत हात घातला तर पाकिटे उशीसारखी टम्म फुगलेली. त्यातले एक हातातच फाट्‌कन फुटले आणि गाडीभर भडंग झाले. आम्ही खूप हसलो. बाहेरची हवा इतकी विरळ झाली आहे की पाकिटातली कोल्हापूरची हवा बाहेर पडायला धडपडते आहे, ही गोष्ट ते पाकीट आम्हाला सांगत होते, पण ते तेव्हा कोणाला कळले नाही.

रात्री नऊच्या सुमारास माझ्या मेहुण्यांचे डोके दुखू लागले, अकराला उलट्या सुरू झाल्या, आणि दोन वाजता ते स्वतःच्या बुटांची नाडी बांधू शकेनात. बोटे हलत होती, पण गाठ कशी मारायची हेच आठवेना. वय ३४, रोज तालमीत जाणारा माणूस. अंधारात, रस्त्यावरून वाहणारे नाले ओलांडत खाली जाणे चालकाला शक्य वाटेना. पहाटे पाचला निघालो आणि जसजसे खाली आलो तसतसे ते माणसांत आले; बोगद्यापाशी पोहोचलो तेव्हा त्यांनी स्वतःहून चहा मागितला. आमची स्पिती तिथेच संपली. तळे मी पाहिले ते पहाटेच्या उजेडात, मेहुण्यांना गाडीत बसवताना, दूरवरून, एवढेच.

नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलेले दोन नियम लिहितो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये. आणि डोकेदुखीबरोबर मळमळ, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. प्राणवायूची नळकांडी हा उतरण्याला पर्याय नव्हे. या त्रासावर प्रतिबंधक म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड देतात, पण आबा रक्तदाबाचे औषध घेतात आणि या औषधाने लघवीचे प्रमाण वाढते. शिवाय काहींना सल्फा औषधांचे वावडे असते. तेव्हा दुकानातून परस्पर न घेता त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

कातळ आणि जांभा (उत्तर)

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत असे, त्यामुळे आठवीतल्या मुलीच्या वाट्याचे उत्तर मी देतो. वडीलधाऱ्यांनी वाचले तरी हरकत नाही.

आपण ज्या दगडावर राहतो तो लाव्हारसाचा आहे. सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेला आणि पन्हाळ्याच्या माथ्यावर दिसणारा जांभा हे त्याचेच झिजलेले रूप आहे. तापलेल्या लाव्ह्यात प्राणी टिकत नाही, म्हणून कोल्हापूरच्या मुलाला दगडात शिंपला सापडल्याचा अनुभव सहसा येत नाही. स्पितीचे डोंगर याच्या अगदी उलट आहेत. ते समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे आहेत. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडण्यापूर्वी मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी टक्कर सुरू झाली, तळाचा गाळ चुरगळत वर आला, आणि आज तो लांग्झ्याला ४,४०० मीटरवर उघडा पडला आहे.

त्या गाळात एक काळा, ठिसूळ, पापुद्रे सुटणारा शेल खडक आहे, जो भूशास्त्रात स्पितीच्याच नावाने ओळखला जातो. त्यात वाटोळे गोटे सापडतात आणि गोटा फुटला की आत मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले, बारीक धारा असलेले अमोनाइटचे कवच दिसते. हा प्राणी माखली आणि नळ यांचा दूरचा नातेवाईक. मुलीने आपल्या किंवा शेजारच्या देवघरात शाळिग्राम असेल तर जाण्यापूर्वी तो नीट पाहावा. नेपाळमधील गंडकीच्या पात्रातून येणारे चक्रांकित शाळिग्राम म्हणजे त्याच समुद्रातले, जवळजवळ त्याच काळातले, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे अमोनाइट आहेत. माझ्या आजीच्या शाळिग्रामाला तुळस वाहताना मी तो वर्षानुवर्षे पाहिला होता. लांग्झ्याला पहिला गोटा पाहिला तेव्हा आधी मला देवघर आठवले आणि नंतर पुस्तक.

लांग्झ्याला गाडी थांबली की लहान मुले ओंजळीत जीवाश्म घेऊन विकायला येतात. ते विकत घेऊ नयेत, आणि ओढ्यातले उचलूनही आणू नयेत. एका मुलाकडून घेतलेल्या एका गोट्यामागे उतारावरची बरीच माती उकरली जाते, आणि थरातून सुटलेल्या जीवाश्माचे निम्मे शास्त्रीय मोल तिथेच संपते. मुलांना काही द्यावेसे वाटत असेल तर गावातल्या घरी मुक्काम करावा किंवा निदान जेवावे. पैसे योग्य हाती जातात. जीवाश्म हातात घेऊन पाहावा, त्याच्या शेजारी नाणे ठेवून छायाचित्र काढावे, वहीत चित्र काढावे आणि तो जागेवर ठेवावा.

गावाच्या वरच्या अंगाला खोऱ्याकडे तोंड करून बसलेली मोठी बुद्धमूर्ती आहे आणि मागे चाऊ चाऊ कांग निल्डा हे ६,३०३ मीटर उंचीचे शिखर. बहुतेक लोक या दोन्हींकडे पाहतात आणि निघतात. मुलीला सांगावे की तिने समोरच्या डोंगराच्या कापलेल्या बाजूकडे पाहावे. तिथे थर आडवे नसतात. ते दुमडलेले, उभे झालेले, कुठे कुठे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळलेले दिसतात. टक्कर म्हणजे काय हे फळ्यावर समजावताना माझा जितका खडू खर्ची पडला, तितका तिथे नजर टाकल्यावर वाचला असता.

शाहूपुरी पाचवी गल्ली

तिघांचेही मनापासून आभार. आबांनी स्वतः सगळे वाचले. बुटाच्या नाडीची हकिकत वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “मनालीकडून जायचं नाही.” आयोजकाला आम्ही क्रम उलटा करायला सांगितला आहे. मुलीने शेजारच्या काकूंकडून शाळिग्राम मागून आणला आणि भिंगातून पाहून परत केला.

आता तीन शंका उरल्या. यजमानांचे चंद्रताल दहा दिवसांत बसते का? सप्टेंबरच्या शेवटी पाऊस किंवा बर्फ यांचा त्रास होईल का? आणि पिन नदीच्या खोऱ्याविषयी कोणीच काही लिहिले नाही, ते मुद्दाम का?

पन्हाळा पायवाट

पिनविषयी मुद्दाम लिहिले नव्हते, कारण ते वाचले की तुम्हाला काहीतरी सोडून तिकडे जावेसे वाटणार. धनकरखालून नदी ओलांडून आत वळले की डोंगरांचा रंगच बदलतो. तांबडा, हिरवट, जांभळट अशा पट्ट्यांचे डोंगर आणि शेवटी मूद हे गाव, जिथे रस्ता संपतो. १९८७ मध्ये स्थापन झालेले पिन खोरे राष्ट्रीय उद्यान त्याच्या पलीकडे पसरले आहे. हिमबिबट्या आणि आयबेक्स हे रानबकरे यांचे ते घर आहे, पण सप्टेंबरात हिमबिबट्या दिसेल ही आशा धरू नये. तो पाहणारे लोक ऐन हिवाळ्यात किब्बरला मुक्काम ठोकतात. वाटेत कुंग्री येथे तिबेटी बौद्ध धर्मातील ञिंगमा परंपरेचा जुना मठ आहे. ज्यांना ‘एका जागी निवांत’ हवे असते त्यांच्यासाठी मूदची एक रात्र हे खरे उत्तर आहे, आणि ताई, ते तुमच्याच यादीतले होते. मात्र दहा दिवसांत मूद आणि चंद्रताल दोन्ही बसत नाहीत, हे घरात एकदा बोलून घ्यावे.

पाऊस समजून घेण्यासाठी आपला जिल्हाच पुरेसा आहे. गगनबावड्याला धो धो कोसळणारे ढग शिरोळला येईपर्यंत रिते होतात, तसेच हिमालयाच्या दक्षिण उतारावर बरसलेले ढग स्पितीत जवळजवळ कोरडे पोहोचतात. म्हणून स्पितीला थंड वाळवंट म्हणतात. धोका खोऱ्यात कमी आणि तिथे नेणाऱ्या किन्नौरच्या रस्त्यावर जास्त असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दरडी कोसळतात, सप्टेंबरच्या उत्तरार्धात हे प्रमाण उतरलेले असते. त्या दिवसांत सातूची कापणी होत आलेली असते, घरांच्या धाब्यांवर जळणाच्या आणि चाऱ्याच्या पेंढ्या रचायला सुरुवात झालेली असते, आणि आकाश असे निळे असते की छायाचित्र खोटे वाटते. रात्री मात्र पारा शून्याकडे झुकतो. कुंझुम खिंड साधारण नोव्हेंबरपासून मे अखेर-जूनपर्यंत बंद असते, पण अवेळी बर्फ पडल्यास सप्टेंबरातही एखादा दिवस अडकायला होते. म्हणून परतीच्या गाडीचे किंवा विमानाचे आरक्षण एक दिवस राखून करावे.

चंद्रतालचे असे करावे. काझाहून पहाटे निघून लोसरला नाश्ता, ४,५५० मीटरवरच्या कुंझुम खिंडीत छोर्तेनला, म्हणजे बौद्ध स्तूपाला, प्रदक्षिणा, आणि बातलच्या अलीकडे फाटा घेऊन तळ्याकडे. गाडी अलीकडे थांबते, शेवटचे अंतर पायी जावे लागते. २००५ पासून ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे आणि तंबूंना तळ्याकाठी परवानगी नाही. ते काही किलोमीटर अलीकडे असतात. तोपर्यंत तुमच्या पाच रात्री ताबो-काझात झालेल्या असतील, त्यामुळे आबांना काही त्रास नसेल तर एक रात्र तंबूत काढायला हरकत नाही. त्यासाठी अकरावा दिवस मिळवावा, नाहीतर कल्पाचा विसाव्याचा दिवस कापण्याचा मोह होईल आणि तो कापू नये. अकरावा दिवस मिळत नसेल तर तळे पाहून त्याच दिवशी मनाली गाठायची, हा १२ तासांहून मोठा आणि हाडे खिळखिळी करणारा दिवस आहे. तो तुम्हाला आणि यजमानांना झेपेल. आबांना विचारून ठरवा.

भडंगवाला इचलकरंजी

छायाचित्रात तळे जितके निळे दिसते तितके निळे ते दुपारी दिसते. वाऱ्याने पाणी हलायच्या आत, सकाळी, त्यात डोंगर उलटे दिसतात असे तिथल्या तंबूवाल्याने मला सांगितले होते. यजमानांना सांगा, मुक्काम केलाच तर उजाडताच निघा. आणि भडंग डब्यात भरून न्या.

शाहूपुरी पाचवी गल्ली

घरात मतदान झाले. मूदला दोन मते, चंद्रतालला दोन. आबांनी आपले मत बदलून चंद्रतालला दिले, कारण ताबोचा पूर्ण दिवस त्यांना मिळणार असल्याने जावयाचे मन मोडू नये असे त्यांना वाटले. यजमानांनी अकराव्या दिवसाची रजा टाकली आहे. मूद माझ्या खात्यावर उधार राहिले. मुलीचा एकच प्रश्न आहे: हिक्किमच्या टपाल कार्यालयातून टाकलेले पत्र खरोखर पोहोचते का, की तोही कॉमिकसारखा फलकच?

पन्हाळा पायवाट

पोहोचते. १९८३ पासून चालू असलेले ते खरे टपाल कार्यालय आहे, सुमारे ४,४४० मीटरवर. ‘जगात सर्वांत उंच’ या फलकाबद्दल वाद घालता येईल, टपालाबद्दल नाही. तिथल्या चार-पाच गावांचा व्यवहार त्यावर चालतो आणि थैली काझाला खाली जाते. कार्डे तिथे मिळतात, पण गर्दीच्या दिवशी संपतात, म्हणून कोल्हापुरातूनच साधी पोस्टकार्डे घेऊन जावीत. पत्ता देवनागरीत लिहिला तरी चालतो, फक्त ४१६००१ हा पिन क्रमांक ठळक अंकांत लिहावा. मी माझ्या पत्त्यावर टाकलेले कार्ड मी घरी परतल्यावर १९ दिवसांनी आले. शिक्का पुसट होता, आणि एका कोपऱ्याला काळ्या मातीचा डाग होता, जो आमच्याकडच्या काळ्या मातीचा नव्हता.